थांबलेल्या रुग्णाची नोंद

उपचार संपले आहेत, डॉक्टरांनी सोडण्यास हरकत नाही असे सांगितले आहे, तरीही रुग्ण त्याच बेडवर आणखी काही दिवस राहिला आहे. किंवा याच्या उलट, आमच्याकडे नसलेल्या उपचारांची त्याला तातडीने गरज आहे आणि दुसरीकडे बेड मिळेपर्यंत तो आमच्या अतिदक्षता विभागात थांबला आहे. अशा दिवसांची नोंद निदानाच्या कोडिंगमध्ये कशी करायची, हे ठरवण्याचे काम काही काळापूर्वी माझ्याकडे आले. मी कोल्हापुरातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात काम करते. डिस्चार्ज झालेल्या रुग्णांचे केसपेपर वॉर्डांतून आमच्याकडे येतात. ते क्रमाने लावणे, राहिलेल्या सह्या पूर्ण करून घेणे आणि प्रत्येक निदानाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणातील कोड देणे हे आमचे रोजचे काम आहे. या वर्गीकरणात आजाराला, इजेला आणि अपघाताच्या कारणाला जागा आहे हे सगळ्यांना माहीत असते. थांबण्यालाही जागा आहे हे आमच्यापैकी थोड्यांनाच माहीत होते, आणि ज्यांना माहीत होते ते ती वापरत नव्हते.

प्रश्न निघाला तो अस्थिरोग विभागाच्या सरासरी मुक्कामावरून. वार्षिक आढाव्यात खुब्याच्या फ्रॅक्चरचे रुग्ण आधीच्या वर्षापेक्षा जास्त दिवस राहत असल्याचे दिसले आणि विभागप्रमुखांकडे खुलासा मागितला गेला. त्यांचे म्हणणे असे, की शस्त्रक्रिया पूर्वीइतक्याच लवकर होतात, जंतुसंसर्ग वाढलेला नाही आणि रुग्ण पूर्वीसारखेच लवकर चालू लागतात. त्यांचे म्हणणे खरे आहे की नाही हे केवळ आकड्यांवरून सांगता येत नव्हते, कारण आमच्या संगणकात दाखल झाल्याची तारीख होती, बाहेर पडल्याची तारीख होती, आणि मधले सगळे दिवस एकाच निदानाच्या नावावर पडत होते. म्हणून मी ते केसपेपर काढून पानापानाने वाचायला घेतले.

त्यांतला एक केसपेपर मी आजही नव्या सहकाऱ्यांना नमुना म्हणून दाखवते. शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या, सत्तरी ओलांडलेल्या आजी ओल्या अंगणात घसरून पडल्या होत्या. खुब्याजवळ ट्रोकँटरच्या जागी हाड मोडले होते, म्हणजे एस ७२.१, शिवाय पडण्याचा बाह्यकारण-कोड आणि जुना मधुमेह. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रॉड घालून शस्त्रक्रिया झाली. पाचव्या दिवशी फिजिओथेरपिस्टने वॉकरच्या आधाराने खोलीत चालवल्याची नोंद केली आहे. जखम कोरडी, ताप नाही, साखर आटोक्यात. त्यानंतरच्या प्रत्येक पानावर सकाळच्या राउंडची एकच नोंद आहे, ‘सीएसटी’, म्हणजे तेच उपचार चालू ठेवा, आणि खाली हाऊसमनची, म्हणजे वॉर्डातल्या कनिष्ठ डॉक्टरची, सही. पान उलटले की पुन्हा सीएसटी. या आजी का थांबल्या हे डॉक्टरांच्या एकाही नोंदीवरून कळत नाही. ते कळले नर्सिंगच्या नोंदींतून. रात्रपाळीच्या सिस्टरनी समासात बारीक अक्षरात लिहून ठेवले होते, की मुलगा पुण्याहून आला होता, घर उतरणीवर आहे, संडास बाहेर आहे, आजींना एकटे ठेवता येणार नाही, आणि शहरातल्या एका देखभाल केंद्रात जागा मिळेपर्यंत त्यांना इथेच राहू द्यावे अशी त्याची विनंती आहे. त्या सिस्टरना मी भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, तो मुलगा दारात उभा राहून एकच सांगत होता, ‘सिस्टर, आईला न्यायला न्हाई म्हणत न्हाई, पर घरात बघायला कोण हाय?’

हा प्रश्न डॉक्टरांच्या पानावर नव्हता, म्हणून डिस्चार्ज कार्डावर आला नाही, म्हणून कोडिंगमध्ये आला नाही. आणि आढाव्यात तो खुब्याच्या हाडाचा वाढीव मुक्काम म्हणून उभा राहिला.

आयसीडी-१० चे तीन खंड आहेत: पहिल्यात कोडची यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात वर्णानुक्रमे सूची. आम्हाला शिकवलेली पद्धत अशी, की आधी तिसऱ्या खंडात शब्द शोधायचा आणि मग पहिल्या खंडात जाऊन तो कोड टिपांसह तपासायचा. उशीर किंवा विलंब याखाली शोधले तर वयात येण्यातला उशीर, मुलाच्या वाढीचे टप्पे उशिरा गाठले जाणे, जुळ्यांतल्या दुसऱ्या बाळाचा उशिरा जन्म अशा नोंदी सापडतात. फ्रॅक्चर उशिरा जुळण्याची नोंदही तिथेच आहे, एम ८४.२. अस्थिरोगाच्या केसपेपरवर कोणी मोघमपणे ‘विलंब’ लिहिले तर नवखा कोडर नेमका तिथे पोहोचू शकतो, आणि ज्या बाईंचे हाड वेळेवर जुळत होते त्यांच्या नावावर न जुळणारे हाड लागू शकते. त्यामुळे सूचीचा हा रस्ता सोडून मी थेट पहिल्या खंडातील एकविसाव्या प्रकरणाकडे गेले. झेड अक्षराने सुरू होणारे हे प्रकरण आजारांचे नाही. रुग्णाच्या आरोग्यावर किंवा आरोग्यसेवेशी येणाऱ्या त्याच्या संबंधावर परिणाम करणाऱ्या परिस्थितीचे आहे.

तिथे झेड ७५ हा गट वैद्यकीय सुविधांशी निगडित अडचणींचा आहे. झेड ७५.० म्हणजे घरी वैद्यकीय सेवा उपलब्ध नसणे, ७५.१ म्हणजे अन्यत्र योग्य ठिकाणी दाखल होण्याची वाट पाहणारी व्यक्ती, ७५.२ म्हणजे तपासणी किंवा उपचारासाठीचा इतर प्रतीक्षाकाळ, ७५.३ म्हणजे आरोग्यसुविधा उपलब्ध नसणे किंवा तिच्यापर्यंत पोहोचता न येणे. पहिल्या वाचनात मला वाटले होते, की दुसऱ्या रुग्णालयात बेड नसणे ७५.३ मध्ये जाईल. पण ७५.३ खाली वगळण्याची स्पष्ट टीप आहे: बेड उपलब्ध नसेल तर ७५.१ घ्या. एका ओळीची ही टीप आमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरली, कारण आमच्या वॉर्डांत सर्वांत जास्त लिहिले जाणारे कारण तेच होते.

यानंतरचा प्रश्न कोड कुठे बसवायचा हा होता. दुसऱ्या खंडाप्रमाणे मुख्य निदान म्हणजे उपचारकाळाच्या शेवटी निश्चित झालेली आणि त्या काळातल्या उपचारांची किंवा तपासण्यांची गरज मुख्यतः ज्यामुळे निर्माण झाली ती स्थिती. आजींना उपचार लागले ते फ्रॅक्चरमुळे. थांबणे हे त्यांच्या दाखल होण्याचे कारण नव्हते. म्हणून एस ७२.१ पहिल्या जागी राहील आणि झेड ७५.१ दुय्यम निदानांत जाईल. एखाद्या हाऊसमनने डिस्चार्ज कार्डावर ‘बेडच्या प्रतीक्षेत’ हेच पहिल्या ओळीत लिहिले, तर दुय्यम महत्त्वाची बाब मुख्य म्हणून लिहिली गेल्यास मुख्य निदान नव्याने निवडण्याचा एमबी-१ हा नियम आपल्या हाताशी आहे. अपवाद एकच मान्य केला: उपनगरातल्या छोट्या नर्सिंग होममधून उपचार पूर्ण होऊन आलेला आणि आमच्याकडे केवळ पुढची जागा मिळेपर्यंत ठेवलेला रुग्ण. त्याच्या आमच्याकडच्या मुक्कामाचे कारणच प्रतीक्षा हे असते, आणि तिथे ७५.१ मुख्य जागी बसू शकतो.

कागदावर इतके जुळले तरी काम पुढे सरकेना, कारण कोडर स्वतःच्या अंदाजाने निदान लिहू शकत नाही. सिस्टरची समासातली नोंद वाचून मला आजींची हकीकत कळली असली, तरी त्या आधारावर मी कोड देऊ शकत नव्हते. रुग्ण सोडण्यास योग्य झाला आहे हा वैद्यकीय निर्णय आहे. तो डॉक्टरांनी घ्यावा, लिहावा आणि त्याखाली तारीख घालावी, तरच आमचा कोड टिकतो. वैद्यकीय अधीक्षकांनी बोलावलेल्या बैठकीत मी हेच मांडले, आणि तिथे खरी चर्चा झाली. आमच्या ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञांनी विचारले, ‘मॅडम, मी फिट लिहिले आणि त्याच रात्री आजींना धाप लागली, तर ते वाक्य माझ्या गळ्यात येईल. त्याचे काय?’ हा आक्षेप टाळण्यासारखा नव्हता. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर म्हाताऱ्या माणसांच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, न्यूमोनिया होऊ शकतो, आणि सोडण्यास योग्य ठरलेला रुग्ण दोन दिवसांनी अयोग्य ठरू शकतो. त्यामुळे निर्णय मागे घेण्याची सोय कागदावरच असली पाहिजे असे ठरले: प्रकृती बिघडली तर डॉक्टरांनी तेवढ्या दिवसांपुरती प्रतीक्षा थांबवावी आणि पुन्हा स्थिर झाल्यावर नवी तारीख घालावी. हे मान्य झाल्यावर त्यांनी स्वतःच नमुन्यातले वाक्य सुचवले. ‘डिस्चार्जसाठी फिट’ याऐवजी ‘या रुग्णालयातील पातळीच्या उपचारांची यापुढे गरज नाही’ असे लिहावे, म्हणजे रुग्ण पूर्ण बरा झाला आहे असा अर्थ निघणार नाही.

हे वाक्य आजींना चपखल बसते, पण दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला अजिबात बसत नाही, हे अतिदक्षता विभागाच्या सिस्टर इनचार्जनी लक्षात आणून दिले. त्यांनी एक ताजा केसपेपर समोर ठेवला. कागल तालुक्यातला पन्नाशीचा शेतकरी, मेंदूत रक्तस्राव झालेला, आय ६१ गटातला. आमच्याकडे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नाही. सीटी स्कॅन पाहताच डॉक्टरांनी हलवण्याचा निर्णय घेतला, पण व्हेंटिलेटरसह बेड मिळेना. नातेवाईक एका रुग्णालयातून दुसऱ्यात चौकशी करत फिरत होते. बेड मिळाला तेव्हा व्हेंटिलेटर असलेली रुग्णवाहिका यायला आणखी वेळ गेला. केसपेपरवर ‘नातेवाईकांना कल्पना दिली’, ‘बेड नाही’, ‘पुन्हा कल्पना दिली’ अशा नोंदी होत्या, आणि त्यांतल्या एकीशेजारीही वेळ लिहिलेली नव्हती.

आयसीडी-१० च्या दृष्टीने हा शेतकरी आणि त्या आजी एकाच कोडमध्ये येतात. दोघेही अन्यत्र योग्य ठिकाणी दाखल होण्याची वाट पाहत होते. पण आजींना आमच्याकडे होते तेवढ्या उपचारांची गरज उरली नव्हती, आणि शेतकऱ्याला आमच्याकडे होते त्यापेक्षा जास्त उपचारांची गरज होती. एकाचे थांबणे दिवसांत मोजायचे, दुसऱ्याचे तासांत. एकाच्या थांबण्याने दुसऱ्या कोणाचा बेड अडतो, दुसऱ्याच्या थांबण्याने त्याचा स्वतःचा जीव टांगणीला लागतो. वर्षअखेरीस झेड ७५.१ ची एकच बेरीज करून ती व्यवस्थापनापुढे ठेवली असती, तर ती दोन्ही गोष्टींबद्दल दिशाभूल करणारी ठरली असती. वर्गीकरणातला कोड एवढेच सांगतो की रुग्णाला थांबावे लागले. किती काळ, कोणत्या दिशेने आणि कशामुळे, हे सांगायची जागा त्याच्यात नाही. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होता, आणि कोड निवडल्यावर काम संपले असे मानले असते तर तो हातून निसटला असता.

म्हणून कोडबरोबर एक छोटा तक्ता केसपेपरच्या पहिल्या पानामागे छापून घेतला. हलवण्याचा किंवा सोडण्याचा निर्णय कधी झाला, तारीख आणि वेळ, निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांची सही, रुग्णाला वरच्या पातळीच्या उपचारांसाठी जायचे आहे, खालच्या पातळीच्या देखभालीसाठी की घरी, थांबण्याचे कारण, आणि प्रत्यक्ष कधी गेला. दिवस कसे मोजायचे यावरही वाद झाला. शेवटी ज्या पद्धतीने आमची बेडची गणती होते तीच घेतली: निर्णयानंतर जितक्या वेळा रात्री बाराच्या गणतीला रुग्ण बेडवर सापडेल तितके प्रतीक्षेचे दिवस. वरच्या पातळीच्या उपचारांसाठी थांबलेल्यांचे मात्र तास मोजायचे, कारण संध्याकाळी सातला निर्णय होऊन रात्री अकराला गेलेला रुग्ण बाराच्या गणतीत सापडतच नाही, आणि मेंदूतल्या रक्तस्रावात ते चार तास फार मोठे असतात.

कारणांच्या रकान्याने सर्वांत जास्त वेळ घेतला. सुरुवातीला तो मोकळा ठेवला तेव्हा ‘नातेवाईक तयार नाहीत’ हेच उत्तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आले. हे उत्तर लिहायला सोपे असते आणि ते कुटुंबावर अन्याय करते. आमच्या वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्या प्रत्येक कुटुंबाशी बोलल्या तेव्हा त्या एका वाक्याखाली किती वेगवेगळ्या गोष्टी दडल्या होत्या ते दिसले. घरी देखभालीची गरज आहे पण करणारे दुसरे कोणी नाही, याला स्वतंत्र कोड आहे, झेड ७४.२. रुग्ण एकटाच राहतो, झेड ६०.२. चंदगडसारख्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या तालुक्यात घरी येऊन ड्रेसिंग करणारे किंवा नळी बदलणारे कोणी मिळत नाही, झेड ७५.०. ब्युरोतून बाई ठेवायची तर महिन्याचा खर्च झेपत नाही. गळीत हंगामात घरातली सगळी माणसे फडावर असतात आणि तोड आटोपेपर्यंत चार दिवस द्या म्हणतात. काही कुटुंबे अमावास्येला रुग्णाला घरी नेत नाहीत. या शेवटच्या कारणाला वर्गीकरणात कोड नाही आणि तो शोधूही नये असे माझे मत आहे. आमच्या रकान्यात ते कुटुंबाच्या इच्छेने झालेला एक दिवसाचा विलंब म्हणून साधेपणाने लिहिले जाते, त्यावर शेरा मारला जात नाही.

काय विलंब नाही, हेही ठरवावे लागले. बिल तयार होईपर्यंतचे, औषधांचा हिशेब मिटेपर्यंतचे किंवा विमा कंपनीची अंतिम मंजुरी येईपर्यंतचे तास हे रुग्णालयाच्या कारभाराचे आहेत. ते मोजायला हवेत, पण निदानाच्या कोडमध्ये ते येत नाहीत. बाळ नवजात अतिदक्षता विभागात असल्यामुळे प्रसूतीनंतर थांबलेली आई ही कोणत्याही जागेची वाट पाहत नाही. ती आजारी व्यक्तीसोबत राहणारी निरोगी व्यक्ती आहे, आणि तिच्यासाठी झेड ७६.३ हा वेगळा कोड आहे. आमच्याच सोनोग्राफीच्या किंवा शस्त्रक्रियेच्या यादीत नंबर लागायचा असेल तर ७५.२. हे भेद सुरुवातीला किचकट वाटतात, पण प्रत्येकाचा एकेक खरा केसपेपर समोर ठेवून समजावले की वॉर्डातले लोक ते पटकन उचलतात, हा माझा अनुभव आहे.

सर्वांत कठीण चर्चा बिलिंग विभागाशी झाली. त्यांचे म्हणणे असे, की ‘या पातळीच्या उपचारांची गरज नाही’ हे वाक्य तारखेसह केसपेपरवर आले की टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी संस्था, त्या तारखेनंतरचे दिवस दाव्यातून कापणार. ही भीती निराधार नाही. आरोग्य विम्यातील वगळण्याच्या बाबींची भाषा विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये सर्व कंपन्यांसाठी सारखी केली, आणि त्यांत पाचव्या क्रमांकाची बाब केवळ विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल यांसाठी दाखल राहण्याचीच आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेच्या पॅकेजची रक्कम दिवसांवर वाढत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो: वाढलेल्या दिवसांचा भार रुग्णालयावर पडतो. एकाने सुचवले, की तारीख घालू नये, नुसता कोड द्यावा. मी त्याला विरोध केला. तारखेशिवाय कोडला अर्थ राहत नाही. आणि गरज नसलेल्या दिवसांना गरजेचे दिवस म्हणून दाखवणे हे खोटे दस्तऐवज तयार करणे आहे. अधीक्षकांनी ही बाजू उचलून धरली, पण त्याबरोबर एक अट घातली, आणि ती मला योग्य वाटते: निर्णयाची तारीख लिहिली जाईल त्याच दिवशी कुटुंबाला, त्यांना कळेल अशा भाषेत, यापुढचे दिवस विम्यातून मिळण्याची खात्री नाही आणि त्यांचा दर इतका असेल, हे सांगितले गेले पाहिजे. योजनेतल्या रुग्णांच्या बाबतीत हे काम आरोग्यमित्राला, म्हणजे त्यांच्या मदतीसाठी योजनेने नेमलेल्या व्यक्तीला, बरोबर घेऊन होते. कुटुंबाला डिस्चार्जच्या दिवशी बिलातून ही गोष्ट कळावी, यासारखी वाईट पद्धत नाही.

महापुराच्या काळातल्या केसपेपरांनी आमच्या तक्त्यातली एक उणीव दाखवली, तीही या निमित्ताने भरून काढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शिरोळ तालुक्यातली गावे पाण्याने वेढली गेली. त्या काळातले जुने केसपेपर मी पुन्हा पाहिले तेव्हा डायलिसिसवर असलेले रुग्ण आठवले. त्यांची तब्येत घरी राहण्याइतकी ठीक होती, पण ज्या केंद्रात ते आठवड्यातून ठरलेल्या वारी जात तिथपर्यंत रस्ताच नव्हता, म्हणून ते आमच्याकडे ठेवले गेले. इथे कुठलाही बेड भरलेला नव्हता. सुविधेपर्यंत पोहोचता येत नव्हते. म्हणजे हा ७५.१ नाही, ७५.३ आहे, आणि सोबत डायलिसिसवरील अवलंबित्वाचा झेड ९९.२. कारणांच्या रकान्यात ‘रस्ता बंद’ हा पर्याय तेव्हा वाढवला. गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात दरड कोसळली की पावसाळ्यात तो लागतो.

प्रतीक्षेच्या दिवसांत रुग्णाला काय होते, याकडे मी सुरुवातीला केवळ कोडिंगच्या दृष्टीने पाहत होते. बेडसोर झाला तर एल ८९, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला तर एन ३९.०, आणि तो रुग्णालयातच झाला असेल तर वाय ९५ ची जोड. निर्णयाची तारीख लिहिली जाऊ लागल्यावर या गुंतागुंती तारखेच्या आधीच्या की नंतरच्या हे प्रथमच दिसू लागले. खुब्याच्या एका रुग्णाला माकडहाडावर जखम झाली ती सोडण्याचा निर्णय झाल्यानंतरच्या आठवड्यात. म्हणजे ज्या काळात डॉक्टरांच्या नोंदी ‘सीएसटी’वर आल्या होत्या आणि कूस बदलण्याच्या तक्त्यावरच्या वेळाही विरळ झाल्या होत्या. सिस्टर इनचार्जनी तो कागद वाचून कोणालाही दोष दिला नाही; थांबलेल्या रुग्णांचाही कूस बदलण्याचा तक्ता रोज तपासायचा, एवढा नियम त्यांनी त्याच दिवशी केला. आकडेवारीच्या एका रकान्यातून वॉर्डातली सवय बदलते, याचे मला मनापासून समाधान वाटले.

बाहेरच्या देशांत ही नोंद कशी होते तेही मी वाचून पाहिले. इंग्लंडमध्ये २००३ साली रुग्णालयातून सोडण्यात होणाऱ्या विलंबासाठी स्वतंत्र कायदाच झाला, आणि पुढे बरीच वर्षे तिथे प्रत्येक विलंबाचे दिवस, कारण आणि तो आरोग्यसेवेमुळे झाला की समाजकल्याण सेवेमुळे, अशी आकडेवारी प्रसिद्ध होत असे. कॅनडात तीव्र उपचारांची गरज संपलेल्या रुग्णाचे दिवस वेगळे मोजले जातात आणि तो दर्जा डॉक्टर किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती ठरवते. दोन्हीकडे निदानाच्या कोडपलीकडे स्वतंत्र तारखा आहेत, हे पाहून आमचा तक्ता योग्य दिशेने आहे याची खात्री पटली. आपल्याकडे मात्र घर आणि रुग्णालय यांच्या मधली जागा, म्हणजे काही आठवड्यांच्या देखभालीची आणि फिजिओथेरपीची परवडणारी सोय, फारच अपुरी आहे, आणि तिची उणीव किती आहे हे दाखवायला आजवर कागदच नव्हता.

तक्ता सुरू झाल्यापासून सामाजिक कार्यकर्त्यांना रोज सकाळी थांबलेल्या रुग्णांची यादी मिळते. पूर्वी त्यांना ही माहिती वॉर्डातल्या मावशींकडून कानोकानी कळत असे. अस्थिरोग विभागाच्या पुढच्या आढाव्यात मुक्काम दोन भागांत मांडला गेला, उपचारांचे दिवस आणि प्रतीक्षेचे दिवस, आणि विभागप्रमुखांचे म्हणणे खरे असल्याचे त्यातून दिसले. देखभाल केंद्रांशी आधीच बोलणी करून ठेवण्याचा प्रस्ताव त्या आढाव्यावरूनच व्यवस्थापनाकडे गेला आहे. आयसीडी-११ हे नवे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे आणि त्यात या परिस्थितीचे प्रकरण चोविसावे आहे. आमचे सॉफ्टवेअर त्यावर जाईल तेव्हा कोड बदलतील, पण तारखा आणि दिशेचे रकाने तसेच चालतील अशी रचना आताच करून घेतली आहे.

सध्या हाती असलेले काम रेफर होऊन येणाऱ्या रुग्णांचे आहे. तालुक्याच्या रुग्णालयातून आमच्याकडे आलेला रुग्ण तिथे किती तास थांबला हे त्याच्या रेफर चिठ्ठीवरून कळत नाही, कारण चिठ्ठीवर निघण्याची वेळ असते, निर्णयाची नसते. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या आम्ही बदलू शकत नाही. आमच्या रेफर चिठ्ठीच्या नमुन्यात मात्र ‘हलवण्याचा निर्णय झाला ती वेळ’ अशी ओळ आता छापलेली आहे, आणि ती रिकामी असेल तर अतिदक्षता विभागाच्या सिस्टर चिठ्ठी रुग्णवाहिकेत देण्याआधी डॉक्टरांकडे परत नेतात.